धुतलेल्या टहाळाचा राब

हौशीचं पाड्यात कुणाशी पटत नसे आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नसे. साखरशेत गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून असलेला तो पाडा. घरं मोजकीच. त्यातल्या निम्म्या घरांशी तिचं बोलणं बंद आणि उरलेल्यांशी भांडण चालू. शेजारच्या फागीशी तर इतकी जुनी तेढ की पहिलं भांडण बांधावरून झालं की कोंबडीवरून, हे दोघींनाही धड सांगता आलं नसतं. नवरा ढवळू होता तोवर तो मध्ये पडायचा. तो गेला आणि हौशीच्या तोंडाला आवर घालणारं घरात कुणी राहिलं नाही.

पण अलीकडे तिच्या रागाला खरा धनी सापडला होता. समोरच्या टेकडीवर खडीमशीन आलं होतं.

रस्ता रुंद करायचा तर खडी लागते आणि ती आभाळातून पडत नाही. कुठल्याशा कंपनीने समोरची टेकडी खोदायला घेतली. दुपारी सुरुंग उडायचे, घरातली भांडी हलायची आणि मग दिवसभर मशीनची घरघर. त्यातून जी पांढुरकी धूळ उठायची ती वाऱ्यावर बसून सरळ पाड्यात. हंड्यात धूळ, भाकरीवर धूळ, वाळत टाकलेल्या मोहाच्या फुलांवर धूळ. तपासणीला कुणी अधिकारी येणार असला की त्या दिवसापुरतं कंपनीवाले ओहळाचं पाणी उपसून टँकरने रस्त्यावर शिंपडा मारत. अधिकारी गाडीच्या काचा वर करून येई, ओला रस्ता बघून निघून जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं तेच. रस्ता झाला तसे रविवारी जवळच्या शिरपामाळ नावाच्या ठिकाणी फोटो काढायला येणाऱ्यांचे लोंढे वाढले. डोंगर किती हिरवा म्हणून ते कौतुक करत आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तिथेच टाकून जात. हौशी एकदा तिकडे गवत आणायला गेली होती. एका बाईने तिचाही फोटो काढला. तेव्हा हौशीने तिला जे ऐकवलं ते त्या बाईला कळलं नाही, हे बरंच झालं.

आणि या मशीनवर तिचा स्वतःचा मुलगा, संदीप, डंपर चालवत होता.

हे तिच्या घशातलं हाड होतं. संदीप काही वाईट पोरगा नव्हता. आधी दरवर्षी दिवाळी झाली की हौशीला एकटीला मागे ठेवून सगळं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचं. मशीन आलं तसं ते थांबलं. सून कविता हिवाळ्यात घरी राहू लागली, नात हर्षदा एकाच शाळेत टिकली, छपरावर नवे पत्रे आले. हौशीला हे सगळं दिसत होतं. नाकारता येत नव्हतं म्हणून तर ती जास्तच चिडायची. बसता उठता ती पत्र्यांना शिव्या घाले आणि पावसात त्याच पत्र्यांखाली कोरडी झोपे.

माघात कंपनीचा साहेब पाड्यात आला. समोरची टेकडी संपत आली होती, आता त्याला अलीकडचा माळ हवा होता, आणि त्याला ग्रामसभेची संमती लागणार होती. खुर्चीवर बसून त्याने पाड्याला विकास समजावून सांगितला. म्हणाला, जगात सगळीकडे असंच होतं. सुरुवातीला थोडी धूळ, थोडा धूर. मग लोकांच्या हातात पैसा येतो. पैसा आला की लोकच झाडं लावतात, नद्या साफ करतात. बाहेरचे देश बघा, आज तिथे कसं स्वच्छ आहे. त्यांनीही आधी हेच केलं होतं. लोक माना डोलावत होते. हौशी ओट्यावर सुपातले तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण ऐकायचा एक शब्द सोडला नाही.

तो जो माळ मागत होता त्यावर पाड्याची ऐनाची झाडं होती. ऐनाची झाडं म्हणजे राब आणि राब म्हणजे वर्षाची नाचणी.

राब म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना त्यात फक्त धूर दिसतो. ऐनाच्या फांद्या छाटायच्या, शेंडा राखून. त्याला टहाळ म्हणतात. तो वाळवायचा. ज्या तुकड्यात रोप करायचं तिथे खाली शेण, त्यावर टहाळ, त्यावर पाचोळा नि गवत, वरून मातीचा हात. उन्हाळ्याच्या शेवटी वाऱ्याच्या उलट्या तोंडाने पेटवून द्यायचं, म्हणजे भडका न उडता सावकाश भाजत जातं. तण मरतं, राख मातीत मुरते आणि पावसाच्या तोंडावर तिच्यात नाचणी फेकली की रोप तरारून येतं. डोंगराच्या पातळ मातीला एवढाच जोर. माळावरच्या झाडांची वाटणी कुठे लिहिलेली नाही, पण कुठलं झाड कुणाच्या घराचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्याच्या झाडाला कोयता लावायचा नाही. आणि ज्याच्यावर दुसऱ्याकडे टहाळ मागायची पाळी आली त्याचं घर बसलं, असं पाडा समजतो.

हौशीची झाडं माळाच्या कडेला, बरोबर मशीनच्या तोंडासमोर होती. फागीची डोंगराच्या पलीकडच्या कुशीत. हौशी कोयता घेऊन निघाली तेव्हा फागी वाटेत भेटली आणि म्हणाली की तुझी झाडं पांढरी पडलीत, पानंही विरळ झालीत, या साली माझ्या बाजूचा टहाळ घेऊन जा. फागी खरंच चांगल्या मनाने म्हणाली होती. पण हौशीच्या कानाला त्यात घर बसल्याचा टोमणा ऐकू आला. तिने फागीचा उभा आडवा उद्धार केला आणि आपल्याच झाडांवर चढली. पानं विरळ होती म्हणून तिने फांद्या दुप्पट छाटल्या. दरवर्षीपेक्षा जाड थर रचला. असा राब भाजते की फागीने बघत राहावं, असं तिच्या मनात होतं.

संदीपने या काळात दोनतीनदा विषय काढला. साहेब त्याच्या मागे लागला होता, आईला समजाव म्हणून. पाड्यातल्या बायका हौशीशी भांडत असल्या तरी माळाच्या बाबतीत तिच्याकडे बघून हात वर करणार, हे साहेबाला कुणीतरी सांगितलं होतं. संदीप जेवताना हळूच म्हणाला की माळ गेला तर कंपनी कायमचं काम देईल. हौशीने ताटली सरकवली आणि उपाशी उठली. कविता दोघांच्या मध्ये भाकरी हातात घेऊन उभी राहिली.

पाऊस आला. चांगला आला, मध्ये थोडी उघडीप दिली, पुन्हा आला. पाड्यातल्या सगळ्या राबांवर हिरवी लव दिसू लागली. हौशीच्या राबावर काही नाही. आज येईल, उद्या येईल करत तिने वाट पाहिली आणि एका सकाळी खाली बसून हाताने चाचपलं. राखेचा वरचा थर करडा, कडक झाला होता, ओटा सारवून वाळावा तसा. नखाने उचकला तर खपली निघाली. खाली नाचणीचे दाणे कुजले होते. काही बिचाऱ्यांनी कोंब काढला होता आणि खपलीखालीच वाकडे होऊन मेले होते.

हौशीला दुसरं काही सुचलंच नाही. हे सिमेंट आहे, कुणीतरी रात्रीचं कालवून ओतलं. आणि सिमेंट कुणाकडे? मशीनवर. मशीनवर जातो कोण? पेरणी झाल्यावर एका संध्याकाळी बांध बघायला शेताकडे कोण गेलं होतं? ती खपली हातात घेऊन तशीच घराकडे आली. संदीप कामाला निघाला होता, पाड्यातले लोक दारात होते. तिने ती खपली त्याच्या पायावर फेकली.

"साहेबाच्या भाकरीसाठी आयचं रोप मारलास," ती म्हणाली. "तुला दूध पाजलं ते ऐनाच्या राखेवरच्या नाचणीचं व्हतं. इसरलास."

संदीपने ती खपली उचलून पाहिली. घरात गेला, दोन कपडे पिशवीत भरले आणि निघाला, तो मशीनवरच्या पत्र्याच्या शेडमध्येच राहायला लागला. कविता सासूशी बोलेनाशी झाली. हर्षदा बापाच्या वाटेकडे बघत बसे. घरात आता हौशीशी भांडायलाही कुणी नव्हतं आणि ते तिला फार जड जाऊ लागलं. तरी ती मागे हटली नाही. मनात ती त्याला रोज नव्याने दोषी ठरवत होती.

लावणी तोंडावर आली. ज्याचं रोप गेलं त्याने दुसऱ्याकडून उरलेलं मागून आणायची पद्धत आहे, पण मागणार कोण? हौशी दिवसभर घराभोवती काहीतरी काढत बसायची. असंच एकदा ती न्हाणीजवळचं गवत उपटत होती. पावसाने परसात पाय ठेवायला जागा राहिली नव्हती, इतकं रान माजलं होतं. फक्त न्हाणीच्या दगडाखाली, जिथून पाणी वाहून जायचं तिथे, एक पट्टा उघडाबोडका. तिने खुरपं मारलं तर ते टणकन आपटलं. तिने पुन्हा मारलं. करडी खपली निघाली.

ती खपली हौशीने ओळखली. तीच, जी तिने मुलाच्या पायावर फेकली होती.

ती तिथेच बसून राहिली. इथे कुणी सिमेंट ओतलं नव्हतं. इथे संदीप रोज कामावरून येऊन अंघोळ करायचा, बस. भांडी घासलेली राख, पाणी आणि त्याच्या अंगावरची धूळ. तिच्या ऐनाच्या पानापानावर हीच धूळ होती. तिने दुप्पट फांद्या छाटल्या, दुप्पट धूळ आणली, जाड थर रचून ती राखेत भाजली आणि पावसाने ती आवळून बसवली. रोप कुणी मारलं नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने, आपल्याच झाडांचा टहाळ घेऊन, अगदी रीतसर मारलं होतं.

तिने कविताला हाक मारली. कविताने खपलीकडे पाहिलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. रोज नवऱ्याच्या डोक्यावर पाणी तीच ओतायची.

"अंगावरचं निघतं, आये," कविता म्हणाली. "आतलं नाय निघत. सकाळी खोकतो तं थुंकी पन अशीच पडते."

हौशीला हे ठाऊक नव्हतं. एका छपराखाली राहून तिला ते ठाऊक नव्हतं. पत्र्यांना शिव्या देण्यात तिचं लक्ष गेलं होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की खुरपं तिने परसाच्या पार टोकाला भिरकावलं.

त्याच दुपारी पावसात ती टेकडी चढून मशीनवर गेली. तिथे ती आजवर पाऊल ठेवणार नाही म्हणाली होती. शेडच्या दारात संदीप बसला होता. पापण्यांवरसुद्धा करडा थर. माफी मागणं तिच्या तोंडात बसत नव्हतं, जन्मात कधी मागितली नव्हती. ती पदराने तोंड पुसत उभी राहिली आणि म्हणाली की जेवायला घरी ये. तो हलला नाही. मग तिला बोलावंच लागलं.

"रोप तू नाय मारलास. मीच मारलं."

"मी कशाला मारू, आये," संदीप म्हणाला. "मी पन त्यातलंच खातो ना."

तो तिच्या मागोमाग खाली उतरला. उतरताना दोनदा थांबला आणि खोकला. ती पुढे चालत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. तिला आपला चेहरा त्याला दाखवायचा नव्हता.

फागीकडे रोप मागायला कविता गेली. फागीने चांगलं भरघोस दिलं, वर तुझ्या सासूला सांग, फुकटचं तोंड चालवू नको, एवढं बोलून घेतलं. हौशीने ते ऐकलं आणि पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही.

भादव्याआधी ग्रामसभा भरली. साहेब आला होता, सोबत पाण्याच्या बाटल्यांचा खोका. त्याने पुन्हा तेच सुरू केलं. धूळ आज आहे, कायम थोडीच राहणार आहे. एकदा हा भाग पुढे आला की कंपनी स्वतः इथे हजारो झाडं लावेल. आधी विकास, मग पर्यावरण, हा जगाचा क्रम आहे. त्याचं बोलणं गोड होतं, आणि बऱ्याच तरुण पोरांना कायमच्या कामाची आशा होती. हात वर करायची वेळ आली तेव्हा हौशी उभी राहिली. लोकांना वाटलं, आता शिव्यांची बरसात होणार. ती हळू बोलली.

"आधी धूळ, मंग पैका, मंग झाडां. समजलं, साहेब. पन मधल्या टायमाला हितं कोन ऱ्हातो, ते तुमी सांगितलं नाय."

साहेब हसून म्हणाला की आजी, थोडं तर सोसावंच लागतं. हौशीने विचारलं की तुमची पोरं कुठं शिकतात, ती किती सोसतात. त्यावर साहेबाने वही चाळायला घेतली. तिचं लक्ष पोरांच्या घोळक्यात बसलेल्या संदीपकडे होतं. संमतीसाठी हात वर करा म्हटल्यावर त्याच्या डावी उजवीकडचे हात वर गेले. संदीपने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. त्याच्याकडे बघून एक हात खाली आला, मग आणखी काही. बायकांनी तर हात वर केलेच नव्हते. थोडक्यात का होईना, माळ राहिला.

साहेब चिडला नाही. घाई नाही, पुढच्या साली बघू, म्हणाला आणि पाण्याचा खोका परत गाडीत ठेवायला सांगितला. दुसऱ्या सकाळी संदीपकडून डंपरची किल्ली काढून घेतली.

याचं काय होणार ते हौशीला तेव्हाच कळलं होतं. नाचणी कापून झाली, दिवाळी झाली आणि भट्टीच्या मुकादमाचा ट्रक खालच्या फाट्यावर येऊन उभा राहिला. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची टोपली, त्यावर हर्षदाचं दप्तर. ते दप्तर तिथे कुठे उघडणार, हे कुणी कुणाला विचारलं नाही. हौशी कविताला गाठोडं नीट बांधता येत नाही म्हणून बोलत राहिली, कारण गप्प बसली असती तर रडू फुटलं असतं. माळ वाचवला तिने, आणि त्यासाठी नातीची शाळा गेली. एका धुळीतून मुलगा काढला तो भट्टीच्या धुरात घातला. हा हिशेब कुठल्या साहेबाला मांडता येत असेल तर त्याने येऊन तिला शिकवावा, तिला तो कधीच जुळला नाही. ट्रक सुटताना संदीपने वरून एवढंच सांगितलं की या साली राब नीट भाज.

माघ आला. समोरच्या टेकडीचं उरलंसुरलं फोडणं चालूच होतं, आणि हौशीच्या ऐनावर पुन्हा पांढरा थर. फागी पुन्हा वाटेत आडवी आली. पुन्हा म्हणाली की माझ्या बाजूचा टहाळ ने. या खेपेला हौशीला टोमणा ऐकू आला नाही.

"तुजा तुला लागंल," ती म्हणाली. "आन् मी माजी झाडां सोडली तं तो साहेब म्हनेल, म्हातारीनं सोडली, आता कोनाची नायत."

तिने आपल्याच झाडांवर चढून टहाळ काढला. काढताना डोक्यावर, डोळ्यांत धूळ सांडत होती. सगळा टहाळ खाली ओढत आणून तिने ओहळात घातला आणि एकेक फांदी पाण्यात धरून पानं चोळायला लागली. जे उन्हाळ्याच्या शेवटी जाळायचं ते धूत बसलेली बाई पाड्याने कधी पाहिली नव्हती. लोक हसले, पोरं काठावर जमली. हौशीने सगळ्यांना हाकलून लावलं.

फागी तेवढी गेली नाही. थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली, मग लुगडं खोचून खालच्या दगडावर बसली आणि एक फांदी ओढून घेतली. लगेच भांडण लागलं. हौशीचं म्हणणं पान दोन्ही अंगांनी चोळायचं, फागी म्हणे नुसतं खळबळलं तरी पुरे. दोघी एकमेकींना वाट्टेल ते बोलत होत्या आणि हात चालू होते. ओहळाचं पाणी त्यांच्या पायाशी दुधट होऊन खाली वाहत होतं.

हौशीने धुतलेली फांदी उन्हाकडे धरली. भट्टीवर कविता या वेळी संदीपच्या डोक्यावर पाणी ओतत असेल, असं तिच्या मनात आलं. तिने ती फांदी खाली ठेवली आणि दुसरी घेतली. पानांवरचं तरी निघत होतं.